काम टायरचे, नाव फ्रेमचे

सायकलवेड्यांच्या जगात चार वाक्ये पाठ असावी लागतात. स्टील मऊ चालते. ॲल्युमिनियम हाडे खिळखिळी करते. टायटॅनियममध्ये जीव असतो. कार्बन खड्डे गिळतो. पुण्यातल्या एखाद्या शोरूममध्ये लाखाच्या सायकलीसमोर उभे राहिलात की विक्रेता ही वाक्ये म्हणून दाखवतो, आणि रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी पोहे खाता खाता गिऱ्हाइके तीच एकमेकांना ऐकवतात. ती अनुभवातून आल्यासारखी वाटतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणे अवघड जाते. तरी घालायला हवा. या वाक्यांच्या भरवशावर माणसे हजारो रुपये जास्त मोजतात, आणि त्यांना हवा असलेला आराम भलत्याच ठिकाणी दडलेला असतो.

ॲल्युमिनियमपासून सुरुवात करू, कारण त्याची बदनामी सर्वांत जास्त झाली आहे. १९७९च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘व्हायटस ९७९’ नावाची फ्रेम निघाली. नळ्या ॲल्युमिनियमच्या, वेल्डिंगऐवजी जोडांत चिकटवलेल्या, आणि त्यांचा व्यास तेव्हाच्या पोलादी रेसिंग सायकलींच्या नळ्यांइतकाच. ही फ्रेम गाजली ती लवचीकपणासाठी. जोर लावणाऱ्या स्वाराला ती पायाखाली वाकल्यासारखी वाटे. तरीही ऐंशीच्या दशकातला आयर्लंडचा शॉन केली, ज्याच्या मांड्यांच्या ताकदीला त्या काळात फारशी तोड नव्हती, याच फ्रेमवर मोठ्या शर्यती जिंकत होता. इकडे अमेरिकेत एमआयटीत शिकलेल्या गॅरी क्लाइनने ॲल्युमिनियमच्याच, पण जाडजूड नळ्यांच्या फ्रेम बनवायला घेतल्या होत्या. १९८३मध्ये कॅननडेल कंपनी त्याच वाटेने बाजारात उतरली. या सायकलींची ख्याती नेमकी उलटी झाली: ताठ, कडक, जराही न वाकणाऱ्या. दोन्हीकडे धातू एकच. मग मऊपणा किंवा कडकपणा हा धातूचा स्वभाव कसा म्हणायचा?

धातूचा स्वभाव मोजता येतो. पदार्थ किती ताठ आहे हे सांगणाऱ्या मापाला यंगचा गुणांक म्हणतात. स्टीलचा तो २०० गिगापास्कलच्या थोडा वर असतो, सायकलीत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियमचा ११०च्या आतबाहेर आणि ॲल्युमिनियमचा ७०. शोरूममधल्या पाठाच्या हे बरोबर उलट आहे. तीन धातूंत सर्वांत मऊ ॲल्युमिनियम आणि सर्वांत ताठ स्टील. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. स्वस्तातले साधे स्टील असो की १९३५ साली बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्सने आणलेली प्रसिद्ध ‘५३१’ नळी, दोघांचा ताठपणा सारखाच. महाग मिश्रधातू तुटायला जास्त ताकद लागते, वाकायला नाही. ताकद जास्त म्हणून नळीची भिंत पातळ करता येते, भिंत पातळ म्हणून फ्रेम हलकी आणि थोडी लवचीक होते. म्हणजे तिथेही चालीत पडलेला फरक हा पातळ भिंतीचाच. पण स्टिकरवर भिंतीची जाडी लिहीत नाहीत, मिश्रधातूचे नाव लिहितात.

आता याच तीन आकड्यांना त्या त्या धातूच्या घनतेने भागा. स्टील ७.८, टायटॅनियम ४.५, ॲल्युमिनियम २.७. उत्तर तिन्ही वेळा पंचविसाच्या आसपास येते. जे. ई. गॉर्डन या ब्रिटिश पदार्थशास्त्रज्ञाने या योगायोगाकडे सामान्य वाचकांचे लक्ष वेधले होते, आणि त्याने या यादीत लाकडालाही बसवले होते. बांबूही फार लांब नाही. १८९४ साली लंडनमध्ये बांबूच्या सायकली विकायला होत्या आणि आज पुण्यातही बांबूची फ्रेम बनवली जाते, ते काही केवळ नवलाईसाठी नाही. वजनाच्या हिशेबात निसर्गाने सगळ्यांना जवळजवळ सारखाच ताठपणा वाटून दिला आहे. मग फरक पडतो कशाने?

आकाराने. शाळेतली लाकडी फूटपट्टी आडवी धरली की सहज वाकते, उभी धरली की वाकता वाकत नाही. लाकूड तेच असते. सायकलच्या पातळ भिंतीच्या नळीत हा हिशेब आणखी टोकाचा होतो. तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि भिंतीच्या जाडीच्या साध्या प्रमाणात. वजन मात्र दोघांच्या साध्या गुणाकाराने वाढते. व्यास दुप्पट करून भिंत निम्मी केली तर वजन तेवढेच राहते आणि ताठपणा चौपट होतो. स्टीलच्या जुन्या रेसिंग फ्रेममध्ये खालची तिरकी नळी २८.६ मिमी व्यासाची असे आणि तिची भिंत मधल्या भागात जेमतेम ०.६ मिमी. त्याहून जाड नळी हव्या त्या वजनात करायची तर भिंत इतकी पातळ करावी लागते की गुडघा आपटला तरी पोचा पडेल. ॲल्युमिनियम हलके, म्हणून त्याची भिंत जाड ठेवूनही नळी फुगवता येते. क्लाइनने हेच ताडले, आणि चाळीस वर्षे लोक त्याच्या फुगवलेल्या नळीचा कडकपणा बिचाऱ्या धातूच्या नावावर मांडत आले.

इथे ॲल्युमिनियमच्या टीकाकारांना एक गोष्ट दिली पाहिजे. त्यांची तक्रार अगदीच हवेतली नाही. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते कितीही वेळा वाकवा, थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. छोटे छोटे ताणही लाखो वेळा बसले की साचत जातात आणि एक दिवस तडा दिसतो. त्यामुळे शहाणा डिझायनर ॲल्युमिनियमला मुळात वाकूच देत नाही. तो नळी जाड करतो, म्हणजे फ्रेम ताठ होते. धातूचा चालीवर परिणाम होतो तो असा, आडमार्गाने.

पण ताठ कुठल्या दिशेने? या प्रश्नाशी सगळी चर्चा अडखळते. पायडल मारताना फ्रेम आडवी पिळली जाते, खड्ड्यात चाक गेल्यावर ती उभी दाबली जाते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार थोडा संबंध आहे. सायकलची मागची बाजू हा खराखुरा त्रिकोण असतो: सीटची नळी, चाकाकडे जाणाऱ्या दोन तिरक्या नळ्या, दोन आडव्या नळ्या. त्रिकोणावर वरून भार आला की त्याच्या बाजू वाकत नाहीत, लांबीच्या दिशेने दाबल्या किंवा ताणल्या जातात. लोखंडी पूल त्रिकोणांनी बांधतात तो याचसाठी. त्यामुळे नेहमीची त्रिकोणी फ्रेम खड्ड्यावरून जाताना उभ्या दिशेने एखाद्या मिलिमीटरचा अंशच काय तो दबते, मग ती कशाचीही असो. २८ मिमीचा टायर योग्य हवेत साधारण १५ टक्के, म्हणजे चार मिलिमीटरांवर दबतो. सीटपोस्ट वाकतो, खोगीर लवते, हँडलवरची पट्टी दबते. एकापाठोपाठ जोडलेल्या स्प्रिंगांत एकूण मऊपणा ठरवते ती सर्वांत मऊ स्प्रिंग. त्या रांगेत सर्वांत ताठ असलेल्या फ्रेमला आरामाचे श्रेय देणे म्हणजे गोवर्धनाला काठी लावणाऱ्या गोपाळाला पर्वत उचलल्याचे श्रेय देणे.

धातू हादरा जिरवतात हाही एक लाडका समज. धातू तो परत करतात, जिरवत फार थोडा. टायटॅनियम तर या बाबतीत अगदीच चिकट आहे, जवळजवळ काहीच जिरवत नाही. कार्बनच्या फ्रेममध्ये राळ असल्याने ती थोडी जास्त जिरवते, पण रबरापुढे तीही नगण्य. माझा तर असा संशय आहे की या सगळ्यात कानांचा वाटा मोठा आहे. जाड, पातळ भिंतीची ॲल्युमिनियमची नळी ढोलासारखी वाजते, कार्बन दबका आवाज करतो, आणि कानांनी ऐकलेला खडखडाट आपण बुडाच्या खात्यावर मांडतो.

हा वाद सायकल उद्योगाने एकदा निकालात काढला होता, हे फारसे कुणाला आठवत नाही. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर सेफ्टी’ आणली, आजच्या सायकलीची खरी आजी. त्याच वर्षी लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज कंपनीने ‘व्हिपेट’ काढली. भरीव रबराच्या टायरमुळे बसणारे हादरे थोपवण्यासाठी तिच्या फ्रेममध्येच स्प्रिंग बसवली होती, आणि तीही अशा कौशल्याने की खोगीर, हँडल आणि पायडल यांच्यातले अंतर बदलू नये. फार हुशारीचे यंत्र. मग १८८८मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतींत हवेच्या टायरवाला विली ह्यूम सगळ्यांच्या पुढे गेला, आणि काही वर्षांत स्प्रिंगवाल्या फ्रेम बाजारातून नाहीशा झाल्या. फ्रेमने जे काम कष्टाने आणि वजन वाढवून करायचे ते हवेने फुकट केले.

हीच गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा घडली, पॅरिस–रुबे शर्यतीत. उत्तर फ्रान्समधल्या दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरची ही शर्यत म्हणजे आरामाची जगातली सर्वांत निर्दय परीक्षा. १९९२ आणि १९९३ साली जिल्बेर द्युक्लो-लासाल याने पुढच्या चिमट्यात शॉकअप बसवून ती जिंकली, १९९४मध्ये आंद्रेई च्मिलनेही तेच केले. पुढे शॉकअप मागे पडला. मग कंपन्यांनी ‘एन्ड्युरन्स’ सायकली काढल्या, कुणी नळ्यांत रबराचे तुकडे बसवले, ट्रेकने २०१२मध्ये सीटची नळी वरच्या आडव्या नळीपासून सांध्याने सुटी केली. या सगळ्या खटाटोपानंतर मॅथ्यू व्हॅन डर पूलने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे ही शर्यत जिंकली ती कशावर? वाऱ्याला कापण्यासाठी बनवलेल्या, कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅन्यनच्या एअरो सायकलीवर. फरक एवढाच की तिला पूर्वीच्या मानाने कितीतरी रुंद टायर होते आणि त्यांत हवा कमी होती. दगडांवरून सुसाट जायला याहून कडक पुरावा काय हवा?

आपल्याकडे तर हा पुरावा दारात उभा आहे. ‘जुनी लोखंडी सायकल कशी मखमली चालायची’ हे वाक्य आजोबांच्या पिढीकडून सगळ्यांनीच ऐकले आहे, आणि ते खरेही आहे. दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, गिरणीकामगाराच्या त्या काळ्या सायकलीची फ्रेम मात्र साध्या, जाड भिंतीच्या स्टीलची असे. इटालियन कारागिराने तिला हात लावला नसता. पण तिचे टायर २८ बाय दीड इंची, आजच्या रेसिंग टायरच्या दीडपट रुंद. खोगीर चामड्याचे, खाली गुंडाळ्या स्प्रिंगा. दोन चाकांमधले अंतर रेसिंग सायकलीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त. पुढचा चिमटा पुढे ऐसपैस कललेला. हँडल उंच, म्हणून बसणारा ताठ आणि त्याच्या तळव्यांवर भार कमी. मखमल होती ती या सगळ्यात. त्यातले लोखंड काढून तीच सायकल उद्या ॲल्युमिनियमची केली, तरी ती तशीच चालेल आणि जिन्यावरून उचलून न्यायला सोपी पडेल. उलट आता शाळकरी पोरांना विकल्या जाणाऱ्या ‘डबल शॉकअप’च्या सायकली पाहा. मागची स्प्रिंग पोराच्या वजनाने नव्हे तर पायडलाच्या दाबाने खालीवर होते, आणि वजन इतके की चढावर उतरून ढकलावी लागते. फ्रेममध्ये मऊपणा कोंबण्याचा हा सर्वांत वाईट प्रकार.

मग फ्रेमचे काम काय? खूप मोठे, पण वेगळे. सायकल तुमचे ऐकते कशी हे फ्रेम ठरवते, आणि ते ठरते कोनांवर. पुढच्या चिमट्याची नळी जमिनीशी ७३ अंशांत असेल आणि चिमटा नेहमीसारखा ४५ मिमी पुढे वळलेला असेल, तर तिची रेषा जमिनीला जिथे टेकते त्याच्या सुमारे ५७ मिमी मागे टायर टेकतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. हाच कोन ७१ अंश केला की ट्रेल ७० मिमीच्या घरात जातो. दोनच अंश! पण पहिली सायकल नुसत्या नजरेने वळल्यासारखी वळते, दुसरी उतारावर हात सोडले तरी सरळ जात राहते. मागचे चाक किती मागे आहे यावर खड्ड्याचा दणका खोगिरापर्यंत किती पोचतो हेही अवलंबून. लांब मागचा भाग असलेल्या टूरिंग सायकलीवर स्वार दोन्ही चाकांच्या मध्ये बसतो, आखूड रेसिंग सायकलीवर जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. धातू कुठलाही असो, हा फरक बुडाला पहिल्या किलोमीटरमध्ये कळतो. सीटपोस्टचेही तसेच. नव्वदच्या दशकात माइक बरोज यांनी जायंटसाठी वरची नळी उतरती केली आणि फ्रेम लहान झाली. कारण दिले गेले वजनाचे आणि कमी मापांत सगळ्यांना बसवण्याचे. पण उतरत्या नळीने सीटपोस्टचा बराच भाग उघडा राहिला, आणि उघडा लांब दांडा वाकतो. चाल मऊ झाली, श्रेय पुन्हा कार्बनला गेले.

आता माझ्या बाजूच्या विरोधातला सर्वांत चांगला मुद्दा. अनुभवी स्वार शपथेवर सांगतात की काही स्टीलच्या फ्रेम त्यांना पायडलागणिक पुढे ढकलतात. १९९०च्या दशकात ‘बायसिकल गाइड’ या अमेरिकन मासिकाने याची परीक्षा घेतली. इटलीच्या अंतोनिओ मोंदोनिको या नामांकित कारागिराकडून कोलंबसच्या साध्यापासून महागड्यापर्यंत सात प्रकारच्या नळ्यांच्या सात फ्रेम करवून घेतल्या, मापे, कोन आणि सुटे भाग तेच ठेवले, आणि कुठली कोणती हे चालवणाऱ्याला कळू दिले नाही. अनुभवी परीक्षकाला त्या एकमेकींपासून ओळखता आल्या नाहीत. याउलट सिएटलच्या यान हाइने यांच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ने पुढे केलेल्या तशाच झाकलेल्या चाचणीत काही स्वारांनी पातळ भिंतीच्या फ्रेम बरोबर ओळखल्या, आणि त्यांवर त्यांचा वेगही जास्त निघाला. हाइने या तालाला ‘प्लेनिंग’ म्हणतात: फ्रेम पायाच्या लयीत वाकते आणि लयीत सुटते. मला हे पटण्यासारखे वाटते, निदान काही पायांच्या बाबतीत. पण दोन्ही चाचण्या नीट पाहा. दोन्हींत सगळ्या फ्रेम स्टीलच्याच होत्या. पहिलीने सांगितले की नळ्यांतला फरक जाणवत नाही, दुसरीने सांगितले की जाणवतो. धातू जाणवतो असे दोघींपैकी एकीनेही सांगितले नाही. हाइनेंचे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले तरी मान भिंतीच्या जाडीला जातो.

कार्बनचे प्रकरण थोडे निराळे, आणि तिथे मी माझा आग्रह जरा सैल करतो. १९८६ साली ग्रेग लमाँडने कार्बनच्या नळ्यांच्या ‘लूक’ फ्रेमवर तूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा कार्बन हा धातूच्या नळीला पर्यायी नळी एवढाच होता. आता तसे नाही. त्याचे तंतू एका दिशेला ताठ आणि आडव्या दिशेला दुबळे असतात, त्यामुळे कुठल्या थरात ते कोणत्या कोनात घालायचे यावर फ्रेमचा प्रत्येक इंच वेगळा घडवता येतो: पायडलाजवळ खडकासारखा, खोगिराखाली चपट्या पट्टीसारखा. हे स्वातंत्र्य कुठल्याच धातूने दिलेले नाही. पण म्हणूनच ‘कार्बन मऊ’ हे वाक्य निरर्थक ठरते. एकाच कारखान्यात, एकाच कार्बनपासून, मऊ आणि दगडासारखी अशा दोन फ्रेम निघतात. विकत घ्यायचा असतो तो डिझायनरचा निर्णय, सूत नव्हे.

तर मग धातू निवडू नये का? जरूर निवडावा, पण चालीसाठी नाही. स्टील तुटले तर तालुक्याच्या गावचा वेल्डरही ते जोडून देतो आणि तुम्ही घरी पोचता. ॲल्युमिनियमला वेल्डिंगनंतर भट्टीतली प्रक्रिया लागते, ती त्याच्याकडे नाही. पावसाळ्यात कोकणात सायकल बाहेर उभी राहणार असेल तर टायटॅनियमला गंज नाही, स्टीलला आहे. घाटात रोज चढायचे असेल तर कार्बनचे कमी वजन कामाला येते, आणि सायकल एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत बांधून न्यायची असेल तर तोच कार्बन डोकेदुखी होतो. ही खरी कारणे आहेत. शोरूममध्ये ती क्वचित सांगितली जातात, कारण ‘गंजत नाही’ यापेक्षा ‘जीव आहे’ जास्त किमतीला विकले जाते.

तेव्हा पुढच्या वेळी सायकल घ्यायला गेलात तर फ्रेम कशाची आहे हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा की चिमट्यात आणि मागच्या आडव्या नळ्यांमध्ये किती रुंद टायर मावतो. तीस मिलिमीटरही मावत नसेल तर आपल्या रस्त्यांवर ती सायकल कुठल्याही धातूची नको. मग कंपनीच्या तक्त्यात चिमट्याच्या नळीचा कोन आणि मागच्या नळ्यांची लांबी पाहा, आपल्या मापाची फ्रेम मागा, आणि पैसे उरले तर चांगल्या टायरवर घाला. घरी आधीच सायकल असेल तर त्याहून स्वस्त उपाय आहे. बहुतेकांचे टायर फुगवून दगड केलेले असतात. टायरच्या बाजूला छापलेल्या किमान आकड्याच्या खाली न जाता त्यातली हवा दहा पीएसआयने कमी करा, नेहमीच्याच खराब रस्त्यावरून एक फेरी मारा, आणि नवी फ्रेम हवी की नको ते नंतर ठरवा.